अर्ध्यावर राहिलेला खून

भोर, पाडव्यानंतरचा आठवडा, १९४१

गेनू,

तुझी मोटार पुलापलीकडे गेली आणि आम्ही तिघं माझ्या दुकानात परत येऊन एकमेकांची तोंडं बघत बसलो. पुस्तक आनंदराव मास्तरांच्या हातात उघडंच होतं. 'वाचू का पुढे?' असं त्यांनी विचारलं नाही, पण त्यांचा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर गेला होता हे मी पाहिलं आणि रतनबाईंनीही पाहिलं. त्यांनी पुस्तक सरळ काढून घेतलं आणि मिटलं. दवाखान्यात पथ्य मोडणाऱ्या रोग्याच्या हातातून भजी काढून घेतात ना, अगदी तसं.

तुझं बरं आहे. पलटणीतून तार आली, रजा रद्द झाली, तू निघालास. निघालास तो कुठे? गोष्टीत फौजदारानं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलंय, दार आतून लावलंय, आणि म्हणतोय, "इनामदारांचा खुनी याच खोलीत बसला आहे." नेमका तेव्हाच मोटारीचा भोंगा वाजला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण हे विघ्न मुहूर्त बघून आलं.

आणि वर मोटारीच्या पायरीवर उभा राहून तूच आम्हाला दम देतोस, "मी येईस्तोवर पान उलटलंत तर बघा." अरे, एक पेन्शनीतले मास्तर, एक दवाखान्यातली नर्स, एक शिंपी आणि एक आंबवड्याचा शिपाई. अशा चौघांचं आपलं वाचन. गाव आधीच हसतं. दरसाल पाडव्याला एकानं विषय सांगायचा, त्या विषयाची पुस्तकं वर्षभर चौघांनी मिळून मोठ्यानं वाचायची, कुणी एकट्यानं पुढे वाचायचं नाही, आणि हातातलं पुस्तक संपल्याखेरीज दुसऱ्याला हात लावायचा नाही. हे सगळे नियम आनंदरावांचे. यंदा विषयाची पाळी तुझी, तर तू सांगितलास 'खून'. कडुनिंब खाताना मास्तरांचं तोंड जेवढं कडू झालं नव्हतं तेवढं तो विषय ऐकून झालं. "नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी खून, गेनू?" म्हणाले. आणि आता त्यांनाच झोप लागत नाही.

पुस्तक अकिलाच्या ट्रंकेत ठेवलंय. माझी बायको वाचत नाही, त्यामुळे तिच्यावर भरवसा आहे. थांबलो त्या पानात कापडाची पट्टी घातली आहे.

लौकर ये. तुझ्यासाठी नाही म्हणत, इनामदाराच्या जिवाला शांती मिळावी म्हणून म्हणतो.

मन्सूर


भोर, श्रावण, १९४१

गेनू,

पत्र मिळालं. सरकारची कात्री माझ्या कात्रीपेक्षा जोरात चालते. तू कुठे आहेस, तिथे काय पिकतं, सगळं कापून पत्राला खिडक्या पाडल्यात. 'समुद्र पाहिला' एवढं मात्र राहिलं. तो कसा आहे हे पुढच्या खिडकीत गेलं. रतनबाईंनी पत्र उजेडासमोर धरून पाहिलं, तरी समुद्र काही दिसला नाही.

खुनी इनामदाराची विधवा बहीण असं तू लिहितोस आणि कारण देतोस की ती फार गोड बोलते. आनंदराव म्हणतात डॉक्टर. त्यावर रतनबाई उसळल्या. म्हणाल्या, "मास्तर, डॉक्टरला खून करायला रात्री खिडकीतून यावं लागत नाही." त्यांचं मत पुतण्यावर आहे. मी म्हणतो कारकून. दर वेळी पाणी आणायला तोच कसा उठतो? तुझ्या आईनंसुद्धा बाजारच्या दिवशी येऊन विचारलं, "काय रं मन्सूर, कुनी मारला त्या इनामदाराला?" तू घरीही सांगून गेलास तर. तिला म्हटलं, तुमचा पोरगा आल्याखेरीज कळायचं नाही. तर म्हणाली, "मंग येईलच त्यो. लहानपनापासनं गोष्ट अर्धी टाकून झोपला न्हाई कदी."

दुसरं एखादं पुस्तक घेऊ या असं मास्तरांनी एकदा सुचवलं. त्यांचाच नियम आम्ही त्यांना वाचून दाखवला.

दिवाळीला रजा मिळते का बघ. तुझ्या आईला, धोंडाबाईंना, वाचता येत नाही म्हणून तुझी पत्रं मीच वाचून दाखवतो हे ध्यानात ठेव आणि त्यांना लिहिताना जरा जास्त लिही. 'मी खुशाल आहे' एवढंच वाचायला मला अर्धा क्षण लागतो आणि मग त्या माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मागच्या वेळी मी पदरची चार वाक्यं घातली. काय घातली ते सांगत नाही.

मन्सूर


भोर, पाडवा, १९४२

गेनू,

दिवाळीनंतर तुझं पत्र नाही. वर्तमानपत्रात सिंगापूर पडल्याचं आलं तेव्हा आनंदरावांनी भूगोलाचा जुना नकाशा आणून माझ्या कापायच्या टेबलावर पसरला. सिंगापूर म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. तू तिथे आहेस की नाही हे आम्हाला माहीत नाही. कात्रीनं तेवढं काम चोख केलं.

आज रिवाजाप्रमाणे जमलो. रतनबाईंनी कडुनिंब आणि गूळ आणला, तिघांनी खाल्ला. विषय सांगायची पाळी त्यांची होती. त्या म्हणाल्या, "ठरवलाय, पण सांगायचा कसा? आधीचं पुस्तक बाकी आहे." मग आम्ही थोडा वेळ बसलो. मी एका मुंजीच्या सदऱ्याला गुंड्या लावत होतो. मास्तर म्हणाले, चला. आणि गेले.

जपानी लोकांनी पकडलं तर पत्र लिहू देतात का, हे इथे कुणाला सांगता येत नाही. कुणी म्हणतं देतात, कुणी म्हणतं नाही. मी देतात असं धरून चाललो आहे.

मन्सूर


भोर, ज्येष्ठ, १९४२

गेनू,

तुझ्याबद्दलची तार आंबवड्याला आली. धोंडाबाई ती घेऊन चालत माझ्याकडे आल्या. तार इंग्रजीत होती, म्हणून मास्तरांना बोलावलं. त्यांनी एकदा मनात वाचली आणि मग म्हणाले, "गेनू बेपत्ता आहे."

"म्हंजी काय?"

"म्हणजे कुठे आहे ते कळत नाही. सापडत नाही."

"सापडत न्हाई तर हुडकायला सांगा त्यास्नी," तुझी आई म्हणाली. "तार कशापाई करायची मला? म्या हितनं कुटं हुडकू?"

मास्तरांनी चष्मा पुसला. रतनबाई दवाखान्यातून तशाच आल्या होत्या, त्यांनी धोंडाबाईंना पाणी दिलं. त्या रडल्या नाहीत. पाणी पिऊन झालं तसं म्हणाल्या, "ते पुस्तक कुटं हाय?"

अकिलानं ट्रंक उघडून पुस्तक आणलं. तुझ्या आईनं ते हातात घेतलं नाही, नुसतं लांबून बघितलं.

"पुरं वाचलं का तुमी?"

"नाही."

"वाचू बी नगा. त्यो सांगून गेलाय, मी येईस्तोवर थांबा म्हणून. तुमी थांबला तर त्यो येनार. तुमी पुढं वाचलंत म्हंजी तुमच्या लेखी त्यो गेला. मला वचन द्या."

मास्तर आयुष्यभर पोरांना शिकवत आले की ग्रहणात जेवल्यानं काही होत नाही. ते सगळ्यांत आधी म्हणाले, "वचन दिलं." मग रतनबाईंनी दिलं, मग मी. त्यात माझं मोठेपण काही नाही. त्या वेळी त्यांनी दुकान जाळायला सांगितलं असतं तरी मी काडी शोधली असती.

तर आता हे असं आहे. तू जिवंत आहेस की नाही हे एका फाटक्या पुठ्ठ्याच्या पुस्तकावर येऊन ठेपलं आहे. मला हे पटत नाही आणि मी ते पुस्तक उघडतही नाही.

मन्सूर


भोर, पाडवा, १९४३

गेनू,

तुला पाठवलेली पत्रं परत आली, सगळी एका जुडग्यात, वर शिक्का मारलेला. हे पत्र टपालात टाकणार नाही. लिहिण्याची खोड लागली आहे म्हणून लिहितो.

यंदा तिघं जमलो, पण कडुनिंब कुणी आणला नाही. प्रत्येकाला वाटलं दुसरा आणील.

कापड मिळत नाही. कंट्रोलचं जाडंभरडं येतं तेही नशिबानं. लोक जुनं उसवून उलटं करून शिवायला आणतात. माझं सगळं काम आता उसवण्याचं झालंय. काल एकानं बापाचा कोट आणला, त्यातून पोराचे दोन सदरे काढून दे म्हणाला. काढले.

धोंडाबाई दर बाजाराला येतात. घेवडा, रताळी, जे असेल ते अकिलाच्या पदरात घालतात आणि पुस्तक बघायला मागतात. अकिला ट्रंक उघडते, त्या कापडाची पट्टी जागेवर आहे ना ते बघतात आणि जातात. परवा अकिला मला म्हणाली, "लोकं दर्ग्याला जात्यात, ही बाई माज्या ट्रंकंला येती. मला भ्या वाटतंया. त्ये बुक एक दिस उंदरानं खाल्लं तर म्या काय तोंड दावू हिला?" तेव्हापासून ट्रंकेत कडुनिंबाची पानं घालून ठेवली आहेत. म्हणजे कडुनिंब यंदा पुस्तकालाच मिळाला.

रतनबाईंना मी विचारलं, तुमचा विषय तरी सांगा, नुसता कानावर पडू द्या. म्हणाल्या, "विसरले." त्या कधी काही विसरत नाहीत.

मन्सूर


भोर, पौष, १९४४

गेनू,

आनंदरावांचं काही खरं दिसत नाही. दमा होताच, आता पायावर सूज चढली आहे. रतनबाई सकाळ-संध्याकाळ जातात आणि बाहेर आल्यावर माझ्याशी हवापाण्याचं बोलतात. त्यावरून मी समजायचं ते समजलो.

परवा मी गेलो तर मास्तर उशीला टेकून बसले होते. बोलताना मध्ये मध्ये थांबत होते, पण डोकं साफ. म्हणाले, "मन्सूर, मला एकच सांग. डॉक्टर होता की नाही?"

मी म्हटलं, मला कसं ठाऊक?

"तर वाच. उद्या ये, रतनला घेऊन ये, आणि वाच. शेवटचंच प्रकरण राहिलंय. मी आयुष्यात एकही पुस्तक अर्धं टाकलं नाही. हे एक टाकून जायचं म्हणजे..." आणि त्यांना उबळ आली.

मी म्हटलं, वचन दिलंय. ते म्हणाले, "दिलंय. मीच पहिल्यानं दिलं. त्या वेळी मला वाटलं नव्हतं की माझी पाळी तिच्या पोराच्या आधी येईल."

दुसऱ्या दिवशी मी आंबवड्याला गेलो. धोंडाबाई अंगणात भात पाखडत होत्या. मला बघून त्यांचं सूप हातातच थांबलं. मी लांबूनच ओरडलो, काही वाईट नाही, तुमची परवानगी मागायला आलोय. मग सगळं सांगितलं. माणूस मरायला टेकलाय, त्यानं तुमच्या लेकाला वाचायला शिकवलं, गोष्टीचा शेवट ऐकून जाऊ द्या.

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मास्तर देवमानूस हाय. माज्या पोराला अक्षर दिलं त्यांनी. पर त्यांचं वय झालंया, मन्सूर. माज्या पोराचं वय झालं न्हाई."

मी म्हटलं, काकी, एका पुस्तकानं काय होतं?

"तुला कायबी होत नसंल. मला त्येवढंच राह्यलंय."

ज्याचं जळतं त्याला कळतं. मी परत फिरलो. वाटभर मला तिचा राग येत होता आणि तो करावा कसा हे कळत नव्हतं.

मास्तरांना माझ्या तोंडावरूनच कळलं. पण ते ज्यावर चिडले ते वेगळंच. "तू विचारायला गेलासच कशाला?" म्हणाले. "निमूट वाचायचं होतंस. विचारलंस म्हणजे ती नाही म्हणणारच. कुठली आई हो म्हणेल?"

मन्सूर


भोर, माघ, १९४४

गेनू,

आनंदराव गेले. डॉक्टरच खुनी असं शेवटपर्यंत म्हणत होते. तिथे कुणी सांगणारा भेटला असेल तर त्यांना कळलं असेल.

दिवसकार्य झाल्यावर रतनबाई दुकानात आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मन्सूरभाई, आपण दोघांनी एका मरणाऱ्या माणसाला त्याच्या हक्काची गोष्ट दिली नाही. एका बाईच्या समजुतीसाठी."

मी म्हटलं, वचन होतं. त्या म्हणाल्या, "वचन मीही दिलं होतं. मी मोडलं असतं. तुम्ही पुस्तक दिलं असतंत तर मी एकटीनं जाऊन वाचून दाखवलं असतं. तुम्ही ट्रंकेवर बसलात."

यावर मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही, कारण त्यांनी चार रात्री त्या माणसाची छाती शेकली होती आणि मी शेकली नव्हती.

त्यांची बदली वेल्ह्याला झाली आहे. मागून घेतली असं ऐकतो. डोंगरापलीकडचं ते गाव, दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि वर गडाचा धोंडा. जाताना भेटायला आल्या नाहीत. पाडव्याला आता मी एकटा. एकट्यानं मिळून वाचणं कसं करतात ते मास्तरांनी नियमात घातलं नाही.

मन्सूर


भोर, फेब्रुवारी, १९४६

गेनू,

लढाई संपून किती महिने झाले. माणसं परत येतात, काही येत नाहीत. मी दर मोटारीचा भोंगा ऐकतो आणि सुई थांबवतो. ही सवय मला नको झाली होती.

काल एक माणूस दुकानात आला. गळ्याची हाडं वर आलेली, अंगावर सरकारी कोट, दोन माणसं मावतील असा. म्हणाला, "मन्सूर शिंपी तुमीच का?" मला वाटलं कोट लहान करायला आलाय. मी माप घ्यायला टेप उचलली.

म्हणाला, "मी किकवीचा रखमाजी. गेनूच्या संगट व्हतो."

मी टेप खाली ठेवली. त्यालाही बसायचं सुचलं नाही आणि मलाही बसवायचं सुचलं नाही. उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं. सिंगापुरात सगळ्यांना एकदमच पकडलं. मग छावणीत नेलं. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तुला हगवण लागली, औषध नव्हतं, आणि तू गेलास. त्यानं स्वतः माती दिली. म्हणजे धोंडाबाईंनी वचन घेतलं तेव्हा तू असलास तर शेवटच्या घटका मोजत होतास. मास्तर उशीला टेकून विचारत होते तेव्हा तू नव्हतासच. आम्ही कुणासाठी थांबलो होतो, गेनू?

रखमाजी पुढे बोलत होता. म्हणाला, "रोज सांजच्याला त्यो आमाला गोष्ट सांगायचा. त्या इनामदाराची. रंगवून सांगायचा, फौजदाराचा आवाज काढून. खुनी याच खोलीत हाय म्हनायचा आनि गप बसायचा. पोरं भांडायची, ह्यो मारला, त्यो मारला. म्हनायची, पुढं सांग की गेनू. त्यो म्हनायचा, पुढचं मला बी ठावं न्हाई. भोरला मन्सूरभाईच्या दुकानात हाय ते."

मग त्यानं मला विचारलं, "कोन व्हता त्यो?"

मी त्याला सांगितलं की मलाही माहीत नाही. त्याचा विश्वास बसला नाही. एवढ्या लांबून माणूस हे विचारायला आला, आणि त्याला वाटलं मी सांगायचं टाळतोय.

आंबवड्याला आम्ही दोघंच गेलो. तुझ्या आईला त्यानंच सांगितलं. ते कसं झालं ते लिहीत नाही. तुला लिहून काय उपयोग, आणि मला दुसऱ्यांदा बघायचं नाही.

मन्सूर


भोर, पाडवा, १९४६

गेनू,

आज पाडवा. हे पत्र मुद्दाम एका कामासाठी लिहायला घेतलं आहे. काय ते शेवटी सांगतो.

पंधरवड्यापूर्वी धोंडाबाई आल्या. बाजारचा दिवस नव्हता. डोक्यावर पदर, हातात काही नाही. अकिला सवयीनं ट्रंकेकडे निघाली तर त्यांनी तिला थांबवलं आणि मला म्हणाल्या, "वाचून टाका आता. पर मला बी ऐकायचंय."

मी म्हटलं, काकी, शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. तुम्हाला मागचं माहीत नाही, काही कळायचं नाही.

"मंग पयल्यापासनं वाच. त्यानं जेवढं ऐकलं तेवढं मला ऐकू दे."

वेल्ह्याला निरोप धाडला. रतनबाई येतील असं वाटलं नव्हतं. आल्या, रजा टाकून. दोन वर्षांत केस पार पिकलेत. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण दुकानात आपल्या जुन्या जागी बसल्या. किकवीहून रखमाजी आला. मास्तरांच्या जागेवर कुणी बसलं नाही. तुझ्या जागेवर तुझी आई बसली. तुझी जागा कुठली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पाच वर्षं उसवणं आणि शिवणं यापलीकडे काही न केलेल्या माणसाची जीभ जड होते. मी अडखळत वाचलं. तीन दिवस लागले. तुझी आई भिंतीला टेकून ऐकत होती. विधवा बहीण आली तशी म्हणाली, "ही लबाड हाय." हे तुझंच मत होतं, मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पुतण्या रडायला लागला तेव्हा तीही थोडी रडली. रतनबाईंनी दोनदा माझा उच्चार सुधारला. तेवढंच आमचं बोलणं. एका जागी मी फौजदाराचा आवाज काढून बघितला, तर रखमाजी म्हणाला, "न्हाई, असा न्हाई. गेनू जरा खालच्या आवाजात काढायचा." मग मी तसा काढला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दिवाणखान्यात पोचलो. दार आतून लावलं. फौजदार म्हणाला, खुनी याच खोलीत बसला आहे. पट्टी तिथेच होती. मी ती काढून बाजूला ठेवली आणि पान उलटायला बोट लावलं.

"हितं का?" तुझ्या आईनं विचारलं. "हितं भोंगा वाजला?"

"हो, इथेच."

ती भिंतीला हात लावून उठली. लुगडं झटकलं.

मी म्हटलं, काकी, बसा की. आता तर कळणार.

"बास. हितवर त्याचं," ती म्हणाली. "पुढचं तुमचं. त्यानं ऐकलं न्हाई ते मला कशाला?"

अकिलानं तिला चहा घेऊन जा म्हटलं, ती थांबली नाही. आम्ही तिघं ती पेठेतून जाईपर्यंत बघत राहिलो. मग रतनबाई म्हणाल्या, "वाचा." पहिल्यांदा त्या माझ्याशी सरळ बोलल्या.

वाचलं. खुनी कळला. मास्तर चुकले होते, तू चुकलास, रतनबाई चुकल्या, मीही चुकलो. पुस्तक मिटलं. पूर्वी असं पुस्तक संपलं की आपण भांडायचो, आधीच म्हटलं नव्हतं का, म्हणून. या वेळी म्हणायला कुणी नव्हतं. रखमाजी बराच वेळ मान हलवत होता. मग म्हणाला, "बराकीत एकानं हेच नाव घेतलं व्हतं. आमी समदी त्याला हसलो. त्यो बी आला न्हाई."

रतनबाई संध्याकाळी वेल्ह्याला जायला निघाल्या. मी मोटारीपर्यंत गेलो. पाडवा चार दिवसांवर होता. त्यांना येता का असं मी विचारलं नाही, आणि विषय काय घ्यायचा असं त्यांनी विचारलं नाही. मोटारीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगलं वाचलंत." मी मान हलवली.

आज दुकान बंद आहे. समोरच्या घरांवर गुढ्या आहेत. अकिला म्हणते, एकट्यानंच एखादं बुक वाचा की, कोण धरतंय हात. मी पुस्तकांच्या फळीसमोर उभा राहिलो आणि एकही काढावंसं वाटलं नाही. आता वाटेल असंही दिसत नाही.

तर काम हे होतं: तुला खुन्याचं नाव कळवायचं. तू थांबलास, तुझ्या बराकीतली पोरं थांबली, म्हणून निदान कागदावर तरी ते तुझ्या नावे पडावं असं ठरवून बसलो होतो. दौत भरली, हे सगळं लिहिलं, आणि इथे पोचल्यावर हात चालत नाही. तुझी आई जिथून उठून गेली त्याच्या पुढचं तुला मी सांगावं, हे मला जमत नाही. इथवरच तुझं. नाव लिहीत नाही.

मन्सूर